रामजी सुभेदारांनी मुलाला दिलेलं उत्तर

कऱ्हाकाठ

एप्रिल महिन्यात बाबासाहेबांवर पुष्कळ लिहून येतं. त्यात रामजी सकपाळांच्या वाट्याला ठरलेली दोन-तीन वाक्यं येतात. सैन्यात सुभेदार होते, कबीरपंथी होते, शिस्तीचे कडक होते, पोराला शिकवलं. सगळं खरं आहे, पण तेवढ्यानं माणूस कळत नाही. बापाच्या वागण्यातून मुलगा नेमकं काय उचलतो यावर इथे अधूनमधून चर्चा होते आणि ती हमखास 'हल्लीच्या मुलांवर संस्कारच नाहीत' या तक्रारीपाशी येऊन अडते. म्हणून म्हटलं, एका बापाकडे जरा जवळून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. रामजी मालोजी सकपाळ मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे. त्यांचे वडीलही फौजेतच होते. रामजी सुभेदार हुद्द्यापर्यंत चढले आणि लष्कराच्या शाळेत बरीच वर्षं मुख्याध्यापक होते. बाबासाहेब हे त्यांचं चौदावं अपत्य, जन्म महूचा, १८९१ सालचा. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आलं, तिथून साताऱ्याला. साताऱ्यात आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीम पाचेक वर्षांचा होता. पुढे सगळे मुंबईला आले, परळच्या चाळीत.

त्या खोलीचं वर्णन धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. एकच खोली. त्यातच चूल, त्यातच भांडीकुंडी आणि सरपण, भिंतीशी जातं, पायाशी बकरी. मुलगा रात्री लवकर झोपायचा. रामजी दोन वाजेपर्यंत जागे राहायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि मग त्याच जागेवर स्वतः आडवे व्हायचे. मुलगा रॉकेलच्या दिव्याशी वाचत बसायचा. हा प्रसंग सगळेच जण भीमरावांच्या जिद्दीचा म्हणून सांगतात. मला त्यात बाप जास्त दिसतो. 'ऊठ, अभ्यास कर' म्हणणारा माणूस तोवर स्वतः डोळ्याला डोळा लावत नव्हता. पेन्शनीत निघालेला, वय झालेला माणूस, आणि हे एखाद्या परीक्षेपुरतं नव्हतं.

इंग्रजीही तेच घरी शिकवायचे. तर्खडकरांच्या भाषांतरमाला करून घ्यायचे, प्रतिशब्द पाठ करून घ्यायचे. पुस्तक हवं म्हटलं की मुलाला नाही म्हणायचं नाही, हे ठरलेलं. हाताशी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. त्यांच्याकडेही रोख नसायची, तेव्हा एखादा दागिना मागून आणायचे, गहाण टाकायचे, आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत द्यायचे.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळ्याच प्रसंगाबद्दल. तो बाबासाहेबांनी स्वतः सांगितलाय, 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत. ही प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, म्हणूनच बहुधा पुष्कळांच्या वाचनातून निसटते. आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना, बाबासाहेब सुरुवात करतात ती वडिलांपासून.

ते लिहितात की वडील फारच धार्मिक होते आणि त्यांच्या धार्मिक वागण्यातली विसंगती मला लहानपणापासून दिसत होती. कबीरपंथी म्हणून मूर्तिपूजा मानत नव्हते, पण आम्हा मुलांसाठी घरात गणपती बसवायचे, आणि मला ते आवडत नसे. रोज रात्री झोपण्यापूर्वी मला आणि थोरल्या भावाला रामायण-महाभारतातला काही भाग मोठ्यानं वाचायला लावायचे. बहिणी ऐकायला बसायच्या, कथा ऐकायला बाहेरचीही माणसं जमायची. हे बरीच वर्षं चाललं.

मग भीमराव इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाले. वस्तीतल्या लोकांना सत्कार करायचा होता, कारण एवढं शिकलेला तो त्यांच्यातला पहिलाच. रामजी नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की यानं पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच पास झालाय, आणखी काय केलंय त्यानं? लोक हिरमुसले आणि दादा केळुसकरांकडे गेले. ते रामजींचे स्नेही. त्यांनी शब्द टाकला तेव्हा रामजी नमले. सत्कार झाला, आणि केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हातात ठेवलं.

पुस्तक वाचून मुलानं बापाला विचारलं, तुम्ही आम्हाला बौद्ध वाङ्मय का नाही दाखवलंत? ज्या ग्रंथांमध्ये ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची, अस्पृश्यांची विटंबना सांगितलीय तेच का रोज वाचायला लावता?

रामजींना प्रश्न आवडला नाही. असले वेड्यासारखे प्रश्न विचारू नका, तुम्ही पोरं आहात, सांगितलेलं करायचं, एवढंच म्हणाले. विषय संपला. त्या काळातल्या कुठल्याही घरात इथेच संपला असता. बाबासाहेब स्वतःच म्हणतात की वडील रोमन कुटुंबप्रमुखासारखे होते, मुलांवर त्यांची पूर्ण सत्ता चाले. फक्त आई लहानपणीच गेल्यामुळे मला एकट्याला त्यांच्याशी थोडी मोकळीक घेता यायची.

काही दिवसांनी मुलानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि बाबासाहेब लिहितात की या वेळी वडिलांनी उत्तर तयार ठेवलेलं दिसत होतं. रामजींच्या उत्तराचा आशय असा: आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे, आणि तो घालवायला हे ग्रंथ उपयोगी पडतात. द्रोण बघा, कर्ण बघा, लहान माणसं, पण केवढी उंची गाठली. वाल्मीकी कोळी होता, तो रामायणाचा कर्ता झाला.

मुलाला त्यात काही तथ्य वाटलं, पण समाधान झालं नाही. त्यानं सरळ सांगितलं की मला महाभारतातलं कुणीच आवडत नाही. भीष्म-द्रोण बोलले एक आणि वागले दुसरंच. कृष्णाचा भर कपटावर. रामही नको, शूर्पणखेशी, वालीशी, सीतेशी तो कसा वागला ते बघा. यावर रामजी गप्प राहिले. आता घरात बंड झालंय हे त्यांना कळलं, असं बाबासाहेब लिहितात.

मी हे पान पुन्हा पुन्हा वाचत आलोय आणि दर वेळी त्या 'तयार ठेवलेल्या' उत्तरापाशी थांबतो. फौजेत आयुष्य गेलेला माणूस. शाळेत हुकूम सोडायचा, घरातही. पोराला एकदा दटावून झालेलं होतं आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नव्हतं. तरी पोराचा प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. कामाला जाता-येता, रात्री दोनपर्यंत जागताना त्यानं त्यावर विचार केला असणार. 'मी बाप आहे' हे कारण पुरेसं नाही, पोराला कारण सांगावं लागेल, हे त्यानं स्वतःशी कबूल केलं. आणि पोरानं ते कारणही खोडून काढल्यावर हात उगारला नाही, शपथ घातली नाही, गप्प बसला.

बापाचा आदर्श म्हणजे बापासारखं व्हायचं, असं आपण धरून चालतो. बाबासाहेब रामजींसारखे झाले नाहीत. रामजींची भक्ती त्यांनी घेतली नाही, रामायण-महाभारतही नाही, कबीर मात्र मनात ठेवला. पण समोरच्याच्या प्रश्नाला कारणासकट उत्तर द्यायचं, आणि मोठ्या नावापुढे, मग तो भीष्म असो की राम की स्वतःचा बाप, तोंड मिटून बसायचं नाही, ही सवय त्या घरात लागली. आणि ती लागली कारण बापानं ती लागू दिली. वडिलांच्या चारित्र्याचा याहून मोठा पुरावा मला तरी दुसरा दिसत नाही.

तुम्हाला काय वाटतं? ज्यांना अशी माणसं घरात भेटलीत त्यांनीही लिहा.

नागझरी

धागा आवडला. एक तपशील: कीरांच्या चरित्रात केळुसकरांनी पुस्तक दिल्याचा प्रसंग मॅट्रिकनंतरच्या, १९०७ च्या सत्काराशी जोडलाय आणि त्या सभेचे अध्यक्ष म्हणून सी. के. बोले यांचं नाव येतं. तुम्ही इंग्रजी चौथी म्हणताय.

कऱ्हाकाठ

@नागझरी, बरोबर. शाळांच्या कार्यक्रमांत सगळे मॅट्रिकच सांगतात. मी बाबासाहेबांच्या स्वतःच्या शब्दांवर गेलोय, प्रस्तावनेत त्यांनी इंग्रजी चौथीच लिहिलंय. शिवाय 'तुम्ही पोरं आहात' हे उत्तर त्याच वयाला जास्त शोभतं.

सुमती_खेड

सगळं पटलं, पण दागिन्यांचं वाक्य तुम्ही फार भरभर उरकलंत. त्या मुली, मंजुळा आणि तुळसा, नांदत्या घरच्या सुना होत्या. सासरी राहून अंगावरचा दागिना वडिलांच्या हाती काढून देणं म्हणजे काय, हे ज्या घरात सुना असतात तिथे विचारा. सासूला काय सांगितलं असेल, नवऱ्याला काय सांगितलं असेल? दागिना परत मिळेल हा भरवसा त्यांना वडिलांच्या शब्दावर होता, आणि तो शब्द दर वेळी पाळला गेला म्हणूनच पुढच्या वेळी हात पुन्हा गळ्याकडे गेला असणार. म्हणजे रामजींचं चारित्र्य मुलानं जितकं पाहिलं तितकंच मुलींनी पाहिलं, आणि मुलींनी त्याची किंमतही मोजली.

आणखी एक. भीमाबाईंनंतर घर सांभाळलं ते रामजींच्या बहिणीनं, मीराबाईंनी. त्या अपंग होत्या. पोरांना आत्याचा लळा होता. न्हावी अस्पृश्यांच्या डोक्याला हात लावत नसत, म्हणून साताऱ्यात भावांचे केस थोरली बहीण कापायची, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. 'आदर्श पिता' म्हणताना हे घर बायकांनी उभं ठेवलं होतं हे विसरू नये, एवढंच.

कऱ्हाकाठ

सुमतीताई, अगदी मान्य. तुमच्या प्रतिसादातला भरवशाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता आणि तो माझ्या मूळ मुद्द्याहून खोल आहे. मला यात भर घालावीशी वाटते ती बाबासाहेबांच्या १९२३ सालच्या 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'ची. लंडनच्या त्या प्रबंधाची अर्पणपत्रिका वडिलांच्या आणि आईच्या, दोघांच्या स्मृतीला आहे. आई जाऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं. बहिणींचं नाव तिथे नाही, हेही खरं.

उसाचं_शिवार

कऱ्हाकाठ यांनी लिहा म्हटलंय म्हणून लिहितो.

माझे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. कुठला कारखाना ते सांगत नाही. तेव्हा ऊस बैलगाड्यांनी यायचा. हंगामात काट्यापुढे गाड्यांची रांग, रात्रभर बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि थंडीत शेकोट्या पेटवून बसलेले गाडीवान. भरलेली गाडी काट्यावर चढायची, वजन व्हायचं, गाडी गव्हाणीकडे जायची, रिकामी होऊन परत काट्यावर यायची आणि दोन्हींतल्या फरकाची पावती फाडली जायची. त्या फरकावर शेतकऱ्याचं वर्ष ठरायचं. काट्यावरचा माणूस मनात आणील तर कुणाचं भलं करू शकत होता आणि कुणाचं वाटोळंही.

माझे सख्खे चुलते एकदा उसाची गाडी घेऊन आले होते. त्यांनी वडिलांकडे बघून नुसती मान हलवली. मी डबा घेऊन गेलो होतो, तिथेच उभा होतो. वडिलांनी गाडी चढवून घेतली, काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, आकडा मोठ्यानं उच्चारला आणि वहीत लिहिला. एरवी आकडा उच्चारायची पद्धत नव्हती. त्या दिवशी त्यांनी तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा उच्चारला. चुलते त्यानंतर कित्येक दिवस आमच्या दारात आले नाहीत. दिवाळीला आई फराळाचा डबा घेऊन गेली, तो त्यांनी परत पाठवला.

वडिलांनी या विषयावर घरात कधी चकार शब्द काढला नाही. मी मोठा झालो, नोकरीला लागलो. माझ्यापुढेही असे प्रसंग आले, आणि त्या वेळी काय करायचं याचा मला फार विचार करावा लागला नाही. तो मोठ्यानं उच्चारलेला आकडा कानात होता. पण तुमचा लेख वाचून मनात आलं ते हे की मी कधी विचारलंच नाही. सख्ख्या भावाशी तुटेपर्यंत ताणण्याची गरज होती का, हळूच समजावता आलं नसतं का, हे मला विचारायचं होतं. आमच्या घरात वडिलांना असं विचारायची रीत नव्हती. भीमरावांनी विचारलं आणि रामजींनी उत्तर दिलं, हे म्हणूनच मला फार मोठं वाटतं. माझ्या वडिलांचं वागणं मला मिळालं, त्यामागचं कारण मिळालं नाही.

सह्यकडा

@उसाचं_शिवार, फार सुंदर लिहिलंय. आमच्याकडे अजूनही म्हणतात, काट्यावरचा माणूस आणि सोनार, दोघांची पारख एकाच जागी होते.

प्रश्नचिन्ह_७२

मला थोडं वेगळं म्हणायचंय. बाबासाहेबांनी वडिलांवर प्रेम केलं, आदर केला, हे निर्विवाद आहे. पण आपण रामजींना देव्हाऱ्यात बसवायला नको. साताऱ्याला असताना त्यांनी दुसरं लग्न केलं. लहान भीमाला ते सहन झालं नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघून त्याला काय वाटायचं ते कीरांनी लिहिलंय. आता बापाच्या जिवावर राहायचं नाही, मुंबईला जाऊन गिरणीत काम धरायचं, असं त्यानं ठरवलं होतं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी रात्री काढायचा प्रयत्न त्यानं काही रात्री केला. शेवटी ती हाती लागली तेव्हा तिच्यात अर्धा आणा निघाला.

म्हणजे आदर्श बापाच्या घरातला मुलगा घर सोडून पळायला निघाला होता. हेही त्याच घरात घडलं. मुलावर पूर्ण सत्ता गाजवणारा बाप आपल्याला आज चालेल का? मला नाही चालणार.

कऱ्हाकाठ

@प्रश्नचिन्ह_७२, देव्हाऱ्यात बसवायचं नाहीच. दुसऱ्या लग्नाचं मी समर्थन करणार नाही, पोराच्या मनाला ते लागलं आणि लागणारच होतं. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टीचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्या अर्ध्या आण्यानं त्याचं मन बदललं. पळून जायचं नाही, अभ्यास करायचा आणि लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असं त्यानं ठरवलं आणि उनाडक्या सोडल्या. बापावर रागावूनच तो अभ्यासाला लागला. तरी ज्या अभ्यासाला लागला तो बापानंच घरात आणून ठेवला होता.

कडकपणाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. म्हणूनच मला ते दुसरं उत्तर मोलाचं वाटतं. मुळातच मवाळ असलेल्या बापानं मुलाला कारण सांगितलं असतं तर मी धागा काढला नसता.

निवृत्त_हवालदार

फौजेची बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. रामजींच्या काळी लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. गावात ज्यांना शाळेच्या ओसरीवर बसायची मारामार होती त्यांना छावणीत शाळा होती आणि तिथे मुख्याध्यापक म्हणून त्यांच्यातलाच माणूस बसू शकत होता. बाबासाहेबांनी याबद्दल पुढे लिहिलंही आहे. रामजींच्या हातात जी छडी आणि जे पुस्तक होतं ते दोन्ही तिथून आलेलं.

मग १८९२ च्या सुमारास सरकारनं महारांची फौजभरती बंद केली. जे दार उघडून रामजी स्वतः वर आले तेच पुढच्या पिढीसाठी बंद झालं. त्यांचं स्वतःचं काही अडत नव्हतं, पेन्शन चालू होती. तरीही त्या हुकुमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करायला त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. अर्जाचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात भरती थोडी उघडली आणि पुन्हा मिटली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर होते आणि भरतीसाठी त्यांनी जोर लावला होता. बापानं अर्ज केला होता, मुलानं तो तडीस नेला. आमच्या बराकीत ही गोष्ट जुने लोक सांगायचे.

घरात सांगितलेलं आणि घराबाहेर केलेलं, यात मुलगा दुसरं जास्त बघतो असं माझं मत आहे.

मुरुडची_लेक

हवालदार साहेबांचा प्रतिसाद वाचून दापोलीची आठवण झाली, कारण मी त्याच तालुक्यातली. दापोली तालुक्यातलं मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी, गोदूबाईंशी, लग्न केलं आणि मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं. थोरला मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. गावचं बोलणं, तुटलेले संबंध आणि त्यातही न डगमगणारे वडील, हे सगळं त्या वयात बघितलेलं. पुढे र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं काम अंगावर घेतलं, प्राध्यापकी गेली, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, खटले अंगावर घेतले. वडिलांचं क्षेत्र वेगळं, मुलाचं वेगळं, लोकांचा रोष मात्र सारखाच.

आणि १९३४ मधल्या अश्लीलतेच्या खटल्यात र. धों.ची बाजू कोर्टात मांडली कुणी? बाबासाहेबांनी. खटला हरले, दंड झाला. कर्व्यांना मुरुडनं वाळीत टाकलं त्याच्या आगेमागेच रामजी पेन्शन घेऊन दापोलीला आले होते. त्या दोन घरांतले दोन मुलगे चाळीसेक वर्षांनी एकाच बाजूला उभे होते, आणि ती बाजू लोकांना न आवडणारी होती. शाळेत असताना मला कुणी हे सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

नागझरी

@मुरुडची_लेक, हा दुवा माहीत नव्हता. यावर स्वतंत्र धागा काढाच.

माणदेशी_वाट

साताऱ्याकडचा म्हणून १९०१ ची गोरेगावची गोष्ट लिहितो. रामजी तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सरकार तिथे तलाव बांधत होतं, दुष्काळात लोक हजारोंनी मरत होते. सुटीत पोरांना तिकडे बोलावलं. पोरांनी विलायती धाटणीचे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशमी काठाची धोतरं असा थाट केला. मसूर स्टेशनावर उतरले, कुणी न्यायला आलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं कोण तुम्ही म्हणून विचारलं आणि भीमानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, महार. मास्तरचा चेहरा पालटला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण आला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. टोलनाक्यावर तर गाडीवानाच्या सांगण्यावरून मुसलमान म्हणवून पाणी मागितलं, तरी मिळालं नाही.

पोचल्यावर कळलं, पोरांचं पत्र रामजींना मिळालंच नव्हतं. नोकर द्यायला विसरला होता.

मला यात बाप म्हणून जे टोचतं ते सांगतो. रामजींनी पोरांना शिकवलं, चांगले कपडे दिले, खरं बोलायची सवय लावली. आणि स्टेशनावर पोराला नडलं ते खरं बोलणंच. त्या दिवशी पोरांना समोर बघून रामजींना काय वाटलं असेल? मला दोन मुलगे आहेत. मी त्यांना खरं बोला म्हणून सांगतो तेव्हा माझ्यावर अशी वेळ यायची शक्यता जवळजवळ नाही. रामजींना ती शक्यता रोजच ठाऊक होती आणि तरी त्यांनी मुलांना मान खाली घालायला शिकवलं नाही. म्हणून त्यांचं 'न्यूनगंड घालवायला' हे उत्तर मला तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त पटतं. ते ग्रंथांच्या बाबतीत चुकले असतील, पोरांना कशाची गरज आहे याबाबत चुकले नव्हते.

प्रश्नचिन्ह_७२

@माणदेशी_वाट, हे वाचून थोडं थांबलो. पण द्रोण 'लहान माणूस' कसा? तो तर ब्राह्मण, आणि एकलव्याचा अंगठा त्यानंच घेतला. रामजींचं उत्तर तिथे लंगडं आहेच.

माणदेशी_वाट

आहे ना. मुलानंही ते तिथेच पकडलं.

कऱ्हाकाठ

दोघांचंही बरोबर आहे, आणि रामजींनाही ते जाणवलं असावं, म्हणून तर ते पुढे बोलले नाहीत. बापाचं उत्तर बिनचूक असायलाच हवं असं मला वाटत नाही.

शेवटच्या दिवसांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून एवढं सांगतो. बी. ए. झाल्यावर भीमरावांनी बडोद्याची नोकरी धरली. ते तिकडे जावेत असं रामजींना वाटत नव्हतं. ते गेले. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी चुकली, घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी गेले. त्याच वर्षी जुलैत भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. रामजींनी ते पाहिलं नाही.

सुमती_खेड

माझा नातू नववीत आहे, त्याला प्रस्तावनेतला तो संवाद वाचायला द्यायचाय. कुठे मिळेल?

कऱ्हाकाठ

सुमतीताई, प्रस्तावना इंग्रजीत आहे, कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येते. भाषा सोपी आहे, नववीच्या मुलाला अडचण येऊ नये. गोरेगावची हकिकत महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे' मालेच्या बाराव्या खंडात आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं. तिची मराठी भाषांतरंही मिळतात. नातवाला आधी गोरेगावची द्या. भीम तेव्हा त्याच्याहूनही लहान होता, आणि ती वाचली की रामजींनी उत्तरात न्यूनगंडाचा विषय का काढला ते त्याला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.